अमेरिकेत अजगर पाळण्यापूर्वी: प्रजातीचे नाव, राज्याची सीमा आणि परवाना

अमेरिकेत नव्याने राहायला आलेली आणि साप पाळण्याची हौस असलेली माणसे बहुधा एकच प्रश्न विचारतात: ‘इथे साप पाळलेला चालतो का?’ प्रश्न साधा आहे, पण त्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दाचे उत्तर देता येत नाही. भारतातला १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) कायदा देशभर एकच असल्यामुळे आपल्याला कायदा म्हणजे देशाचा कायदा अशी सवय असते. अमेरिकेत मात्र एकाच सापाबद्दल केंद्र सरकार एक सांगते, राज्य दुसरे सांगते आणि शहर तिसरेच सांगते. त्यामुळे प्रश्न तीन भागांत विचारावा लागतो: साप नेमका कोणत्या प्रजातीचा आहे, तो कोणती सीमा ओलांडून आला किंवा जाणार आहे, आणि त्याचे तुम्ही काय करणार आहात, म्हणजे नुसता ठेवणार, विकणार, त्याची पिल्ले काढणार की दुसरीकडे पाठवणार. पुढील पायऱ्या याच क्रमाने दिल्या आहेत. क्रम सोडून आधी साप घरी आणायचा आणि मग नियम शोधायचे, असे करणारेच बहुतेक वेळा अडचणीत सापडतात.

पहिली पायरी: शास्त्रीय नाव लिहून घ्या

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या प्रदर्शनात, ज्याला इथे सगळे ‘रेप्टाइल एक्स्पो’ म्हणतात, टेबलांवर झाकणाला भोके पाडलेले पारदर्शक प्लास्टिकचे डबे ओळीने मांडलेले असतात. दही मिळते तेवढ्याच आकाराचे ते डबे असतात, आणि तळाशी ओलसर कागदाच्या घडीवर बोटाएवढ्या जाडीचे पिल्लू वेटोळे घालून बसलेले असते. झाकणावर मार्करने दोन-तीन शब्द लिहिलेले असतात: ‘बर्म, अल्बिनो, मादी’ किंवा ‘रेटिक, सुपर ड्वार्फ’. शेजारच्या टेबलावर अगदी तसाच डबा असतो आणि त्यावर ‘बॉल, पाइड’ असे लिहिलेले असते. नवख्या माणसाला दोन्ही पिल्ले सारखीच गोंडस वाटतात, पण कायद्याच्या दृष्टीने त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ‘बर्म’ म्हणजे बर्मीज अजगर, पायथन बायव्हिटॅटस. हे पिल्लू दोन-तीन वर्षांत माणसाहून लांब होते. ‘रेटिक’ म्हणजे जाळीदार नक्षीचा रेटिक्युलेटेड अजगर, मलायोपायथन रेटिक्युलेटस. तो जगातला सर्वांत लांब साप असून सहा मीटरपलीकडे जाऊ शकतो. ‘बॉल’ म्हणजे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला बॉल पायथन, पायथन रेगियस. तो साधारण दीड मीटरपर्यंतच वाढतो, आणि घाबरला की डोके आत घेऊन चेंडूसारखा गोळा होतो, म्हणून त्याचे हे नाव.

विक्रेत्याकडून पहिली गोष्ट मागायची ती किंमत नव्हे, तर पूर्ण शास्त्रीय नाव, आणि तेही लेखी. रंगाच्या नावाला कायद्यात काहीही अर्थ नाही. अल्बिनो, पिवळा, ठिपकेदार, बुटका हे सगळे ‘मॉर्फ’ म्हणजे एकाच प्रजातीचे रंगरूप असतात, आणि बंदी प्रजातीवर असते, रंगावर नव्हे. बुटका रेटिक म्हणून विकलेला सापही कायद्यासाठी रेटिकच राहतो. संकरातही हाच सापळा आहे. बर्मीज आणि रेटिक यांच्या संकराला बाजारात ‘बॅटईटर’ म्हणतात, बर्मीज आणि बॉल यांच्या संकराला ‘बर्मबॉल’ म्हणतात. नाव वेगळे असले म्हणून यादीतून सुटका होत नाही, कारण केंद्राच्या नियमात जिवंत साप, त्याची व्यवहार्य अंडी, प्रजननपेशी आणि संकर या सगळ्यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

आणखी एक बारकावा असा, की शास्त्रीय नावे बदलतात आणि कायद्याची यादी त्यामागे तितक्या वेगाने धावत नाही. केंद्राच्या यादीत तुम्ही ‘पायथन बायव्हिटॅटस’ शोधलात तर कदाचित ते सापडणार नाही, कारण २०१२ च्या नियमात बर्मीज अजगराची नोंद ‘पायथन मोल्युरस’ या जुन्या, व्यापक नावाखाली आहे. त्यात आपला भारतीय अजगरही येतो. रेटिकचे वंशनाम तर गेल्या काही वर्षांत एकाहून अधिक वेळा बदलले आहे. म्हणून नवे नाव, जुने नाव आणि बोलीतले नाव अशी तिन्ही कागदावर लिहून मगच यादी उघडावी.

दुसरी पायरी: केंद्राची यादी, आणि ती नेमके काय अडवते

इथला मूळ कायदा म्हणजे १९०० चा लेसी कायदा. आयोवा राज्याचे काँग्रेस सदस्य जॉन लेसी यांच्या नावाने तो ओळखला जातो. त्यात परदेशातून येऊन शेतीचे, माणसांचे किंवा स्थानिक वन्यजीवांचे नुकसान करणाऱ्या प्राण्यांना ‘अपायकारक’ ठरवून त्यांची आयात रोखण्याची तरतूद आहे. मराठी वाचकाला गंमत वाटेल, पण या कायद्याने अगदी सुरुवातीलाच ज्यांना नाव घेऊन दाराबाहेर उभे केले, त्यांत मुंगूस होता. साप पुष्कळ उशिरा आले, आणि आज साप व मुंगूस एकाच यादीत गुण्यागोविंदाने नांदत आहेत.

सापांपैकी सर्वांत आधी, १९९० मध्ये, तपकिरी वृक्षसर्प या यादीत आला. तो कोणी हौसेने पाळलेला नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर मालवाहतुकीतून तो ग्वाम बेटावर पोहोचला आणि त्याने तिथले बहुतेक सगळे रानपक्षी संपवले. पाळीव सापांच्या व्यापाराला हात लागला तो जानेवारी २०१२ मध्ये. तेव्हा अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने बर्मीज अजगर (भारतीय अजगरासह), उत्तर आफ्रिकी अजगर, दक्षिण आफ्रिकी अजगर आणि पिवळा अ‍ॅनाकोंडा यांना अपायकारक ठरवले. मार्च २०१५ मध्ये रेटिक्युलेटेड अजगर, हिरवा अ‍ॅनाकोंडा, बेनी अ‍ॅनाकोंडा आणि डेशॉएन्सी अ‍ॅनाकोंडा यांची भर पडली. मूळ प्रस्तावात बोआ कन्स्ट्रिक्टरही होता, पण तो यादीत घेतला गेला नाही. बॉल पायथन, कॉर्न स्नेक, किंग स्नेक हे नवख्यांचे नेहमीचे साप या यादीत नाहीत.

आता यादीत असणे म्हणजे काय, ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण इथेच सर्वांत जास्त चुकीची माहिती फिरते. केंद्राचा हा नियम साप बाळगण्यावर बंदी घालत नाही, आणि राज्याच्या आतल्या विक्रीलाही हात लावत नाही. तो अडवतो ती देशात आयात आणि ठरावीक भूभागांमधली वाहतूक. हे भूभाग कायद्यातच मोजून दिलेले आहेत: मुख्य भूमीवरील अमेरिका, डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया म्हणजे राजधानी वॉशिंग्टन, हवाई, प्वेर्तो रिको आणि अमेरिकेच्या ताब्यातील इतर प्रदेश. सरकार बराच काळ असा अर्थ लावत होते, की मुख्य भूमीवरच्या एका राज्यातून दुसऱ्या राज्यात साप नेणेही यात येते. सर्प-पालकांच्या संघटनेने त्याला न्यायालयात आव्हान दिले आणि एप्रिल २०१७ मध्ये राजधानीच्या केंद्रीय अपील न्यायालयाने निकाल दिला, की मुख्य भूमीवरील ४९ राज्यांच्या आपसातल्या वाहतुकीवर हे कलम लागू होत नाही. म्हणजे टेक्सासहून ओक्लाहोमाला रेटिक नेणे या एका कलमाखाली गुन्हा ठरत नाही. व्हर्जिनियाहून नदी ओलांडून वॉशिंग्टनला तोच साप नेणे मात्र ठरू शकते, कारण राजधानीचा उल्लेख कलमात स्वतंत्रपणे आहे. नकाशावर हे अंतर एका पुलाएवढे आहे.

२०१७ पूर्वी लिहिलेले सल्ले आजही जसेच्या तसे वाचायला मिळतात आणि ते ‘राज्याबाहेर नेणे बेकायदा’ असे ठासून सांगतात, म्हणून वाचताना तारीख पाहावी. उलट दिशेनेही सावध राहावे. २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहाने मंजूर केलेल्या एका मोठ्या विधेयकात राज्याराज्यांतली ही वाहतूक पुन्हा बंद करण्याची तरतूद होती. अंतिम कायद्यात ती राहिली नाही, पण असा प्रयत्न पुन्हा होऊ शकतो.

या कलमाच्या उल्लंघनासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद आणि व्यक्तीला ५,००० डॉलरपर्यंत दंड अशी शिक्षा सांगितली आहे. परवाने मिळतात, पण ते प्राणिसंग्रहालय, शिक्षण, वैद्यक किंवा संशोधन अशा कामांसाठी. ‘मला आवडतो’ हे कारण त्यात बसत नाही.

लेसी कायद्याचे दुसरे अंग नवख्यांना सहसा माहीतच नसते, आणि माझ्या मते तेच जास्त धोक्याचे आहे. एखाद्या राज्याचा किंवा परदेशाचा कायदा मोडून पकडलेला, बाळगलेला किंवा विकलेला प्राणी राज्याबाहेर विकला, विकत घेतला किंवा नेला, की तो केंद्राचा गुन्हा होतो. मग साप अपायकारक यादीत असो वा नसो. म्हणजे राज्याच्या नियमाचे छोटेसे उल्लंघन सीमा ओलांडताच मोठे होते.

तिसरी पायरी: राज्याचा नियम, जिथे खरा निकाल लागतो

केंद्राची यादी पाहून झाली, की राज्याच्या वन्यजीव खात्याचा नियम वाचायचा. काही राज्यांत हे काम कृषी खात्याकडे असते. प्रत्येक राज्याचा विचार वेगळा आहे. त्यातल्या त्यात फ्लोरिडाचा नियम जरा सविस्तर पाहू, कारण बाकीच्यांची भीती तिथूनच आलेली आहे.

फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला एव्हरग्लेड्स नावाचा अफाट पाणथळ प्रदेश आहे. उष्ण, दमट, गवताने भरलेला आणि वर्षभर भक्ष्य असलेला हा प्रदेश बर्मीज अजगराला आग्नेय आशियातल्या घरासारखाच वाटला असणार. मोठा झालेला अजगर झेपेना म्हणून कोणी सोडून दिला, कोणाच्या पिंजऱ्यातून निसटला, आणि २००० सालापर्यंत तिथे अजगरांची प्रजनन करणारी संख्या मान्य करावी लागली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात राष्ट्रीय उद्यानातल्या रस्त्यांवर रात्री दिसणाऱ्या सस्तन प्राण्यांची जुन्या नोंदींशी तुलना केली होती. रॅकून दिसण्याचे प्रमाण ९९.३ टक्के, ओपॉसमचे ९८.९ टक्के आणि बॉबकॅट या रानमांजराचे ८७.५ टक्के घटले होते. साप इतका बेमालूम लपतो, की माग काढणाऱ्या अनुभवी माणसाच्या पायाजवळून तो जातो आणि दिसत नाही. म्हणूनच २०१३ च्या पहिल्या ‘पायथन चॅलेंज’ शिकारस्पर्धेत सुमारे १,६०० लोक उतरूनही जेमतेम ६८ अजगर हाती लागले. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या एका मादीचे वजन २१५ पौंड, म्हणजे सुमारे ९८ किलो, भरले आणि तिच्या पोटात १२२ अंडी वाढत होती. असा प्राणी एकदा पसरला की पुन्हा गोळा करता येत नाही, म्हणून कायदा त्याला दारातच अडवू पाहतो.

फ्लोरिडाने टप्प्याटप्प्याने दोर आवळला. आधी परवाना, वार्षिक शुल्क आणि कातडीखाली मायक्रोचिप अशी व्यवस्था आली. २००९ मध्ये घरातून सुटलेल्या पाळीव बर्मीज अजगराने एका लहान मुलीचा जीव घेतला. १ जुलै २०१० पासून मोठे अजगर आणि हिरवा अ‍ॅनाकोंडा पाळीव प्राणी म्हणून नव्याने घेता येईनासे झाले. ज्यांच्याकडे ते आधीपासून परवान्यासह होते, त्यांना त्या सापाच्या मरणापर्यंत ठेवण्याची मुभा मिळाली. एप्रिल २०२१ मध्ये अजगर, अ‍ॅनाकोंडा, टेगू, हिरवा इग्वाना आणि नाईल घोरपड अशा १६ परक्या सरपटणाऱ्या प्राण्यांना थेट ‘निषिद्ध’ यादीत टाकण्यात आले. दुसऱ्या राज्यातून फ्लोरिडात नोकरीसाठी जाताना सोबत बर्मीज अजगर नेण्याचा विचार असेल, तर तो इथेच सोडून द्यावा. म्हणजे विचार सोडून द्यावा, अजगर नव्हे.

हवाईत गोष्ट अगदी सोपी आहे. तिथे पाळीव साप ठेवताच येत नाही, कोणत्याही प्रजातीचा आणि कितीही लहान. दंड २,००,००० डॉलरपर्यंत आणि कैद तीन वर्षांपर्यंत होऊ शकते.

टेक्सासने बंदीऐवजी परवान्याचा मार्ग घेतला आहे. तिथे परदेशी विषारी साप आणि पाच मोठे विळखा घालणारे साप, म्हणजे उत्तर व दक्षिण आफ्रिकी अजगर, आशियाई अजगर, रेटिक आणि हिरवा अ‍ॅनाकोंडा, ठेवण्यासाठी ‘नियंत्रित परदेशी साप’ परवाना काढावा लागतो. ओहायोत २०१२ च्या कायद्याने मोठ्या अजगर-अ‍ॅनाकोंडांवर निर्बंध आणले, पण ते १२ फूट किंवा त्याहून लांब सापांवर. याचा अर्थ असा, की आज तुमच्या पेटीत असलेले बर्मीज पिल्लू त्या निर्बंधाबाहेर असते आणि काही वर्षांनी तोच साप, त्याच पेटीत, काहीही न करता, निर्बंधाखाली येतो. अशा राज्यात दर काही महिन्यांनी सापाची लांबी मोजून तारखेसह लिहून ठेवणे हा शौक नसून गरज आहे.

जॉर्जियाची तऱ्हा उलटी आहे. तिथे राज्यातलेच स्थानिक बिनविषारी साप पाळता येत नाहीत. परदेशातला बॉल पायथन घरात ठेवलेला चालतो, पण परसात सापडलेला साप डब्यात भरून आत आणला तर तो गुन्हा. ‘परका वाईट, स्थानिक चांगला’ असा अंदाज बांधून चालणारे लोक इथे हमखास फसतात. नियम वाचताना म्हणूनच दोन याद्या शोधाव्यात: परक्या निषिद्ध प्राण्यांची एक आणि संरक्षित स्थानिक प्राण्यांची दुसरी.

साप लहान व निरुपद्रवी असेल तर तो आक्रमक ठरणार नाही, अशीही एक समजूत आहे. स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावर कॅलिफोर्नियाचा किंग स्नेक पाळीव सापांच्या व्यापारातून पोहोचला आणि रानात स्थिरावला. अमेरिकेत मुलांना हातात द्यायचा तो साप तिथे बेटावरच्या मोठ्या सरड्यांना जवळपास नाहीसे करून बसला आहे.

चौथी पायरी: शहर आणि घरमालक

राज्याने परवानगी दिली तरी शहर किंवा काउंटी ती नाकारू शकते, आणि पुष्कळ शहरांच्या आरोग्य किंवा पशुनियंत्रण नियमांत सापांच्या स्वतंत्र याद्या असतात. शहराच्या पशुनियंत्रण कार्यालयाला ईमेल करून शास्त्रीय नावासह प्रश्न विचारावा आणि उत्तर जपून ठेवावे. फोनवरच्या ‘चालेल बहुतेक’ला काही किंमत नाही. भाड्याचे घर असेल तर भाडेकरारातली ‘पाळीव प्राणी’ ही व्याख्या वाचावी, कारण कुत्र्या-मांजरांना परवानगी असणे म्हणजे सापाला परवानगी असणे नव्हे.

पाचवी पायरी: खरेदी आणि कागदपत्रे

जंगलातून धरलेला साप घेऊ नये. तो कायद्यानेही गुंतागुंतीचा असतो आणि बहुधा परजीवींनी भरलेला असतो. बंदिवासात जन्मलेल्या पिल्लाला व्यापारात ‘सीबी’ म्हणतात. तसे असेल तर विक्रेत्याकडून सही असलेली पावती घ्यावी. तिच्यावर शास्त्रीय नाव, जन्माचे वर्ष, नर की मादी, विक्रेत्याचे नाव व पत्ता, आणि विक्रीचे राज्य इतके तरी असावे. जिथे परवाना लागतो तिथे विक्रेत्याचा परवाना क्रमांक हवा, आणि मायक्रोचिप असेल तर तिचा क्रमांक तुमच्यासमोर यंत्रावर वाचून घ्यावा. हे यंत्र दुकानातल्या बारकोड वाचणाऱ्या यंत्रासारखे असते. सापाच्या अंगावरून ते सावकाश फिरवले की चिपपाशी येताच आवाज होतो आणि पडद्यावर आकडे उमटतात. पावतीवरचा आकडा आणि पडद्यावरचा आकडा अंक-अंक जुळवून पाहावा. एक अंक चुकला तरी कागदोपत्री तो साप तुमचा नसतो.

पिल्लाची किंमत हा खर्चाचा सर्वांत लहान भाग आहे, हेही इथेच सांगून ठेवतो. बॉल पायथन नीट सांभाळला तर वीस ते तीस वर्षे जगतो. त्या काळात तुम्ही किती राज्ये बदलाल, हे व्हिसावर आलेल्या माणसाने स्वतःला विचारावे. ज्याचे पुढचे शहर ठरलेले नाही, त्याने केंद्राच्या किंवा कोणत्याही मोठ्या राज्याच्या निर्बंधयादीतला साप मुळीच घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सहावी पायरी: वाहतूक

साप टपालाने पाठवता येत नाही. अमेरिकेच्या टपाल खात्याने सगळेच साप, विषारी आणि बिनविषारी, न स्वीकारण्याच्या यादीत ठेवले आहेत. खासगी कुरियर आणि विमान कंपन्या यांचे आपापले नियम असतात. त्यांची लेखी मान्यता नसताना साप ‘वस्तू’ म्हणून खोक्यात भरून पाठवणे हा नवख्यांचा सर्वांत महाग पडणारा शहाणपणा आहे. आंतरराज्य व्यापारात जाणाऱ्या खोक्यावर आत काय आहे ते बाहेरून स्पष्ट लिहिलेले असणे लेसी कायद्यानेच बंधनकारक आहे.

खोके भरण्याची पद्धत अशी. पाठवण्याआधी पाच-सात दिवस सापाला खायला घालू नये, कारण पोट भरलेला साप हादऱ्यांनी भक्ष्य ओकतो आणि ते त्याच्या जिवावर बेतू शकते. दाट विणीच्या सुती पिशवीत साप सोडावा, शिवणीचे सुटे दोरे आत राहू नयेत म्हणून पिशवी उलटी करून घ्यावी, तोंड पिळून त्याची गाठ मारावी आणि गाठीच्या खाली, सापाच्या बाजूला, बोटाने चाचपून शेपूट अडकलेले नाही याची खात्री करावी. पिशवी थर्मोकोलचे अस्तर असलेल्या खोक्यात, चुरगळलेल्या कागदाच्या आधाराने ठेवावी, म्हणजे ती आत घरंगळत नाही. थंडीत उष्णतेची पुडी वापरायची तर ती झाकणाला आतून चिकटवावी, पिशवीला टेकू देऊ नये. कडाक्याच्या थंडीत किंवा उन्हाळ्याच्या लाटेत पाठवणे पुढे ढकलावे. एक आठवडा थांबल्याने सापाचे काही बिघडत नाही.

स्वतःच्या गाडीने नेणार असाल तर फक्त निघण्याचे आणि पोहोचण्याचे राज्य पाहून भागत नाही. मधल्या प्रत्येक राज्यात, रात्रीच्या मुक्कामात, तो साप तुमच्या ताब्यात असतो. अनेक राज्ये बाहेरून येणाऱ्या प्राण्यासाठी पशुवैद्याचे आरोग्य प्रमाणपत्र किंवा आगाऊ प्रवेशपरवाना मागतात. हे प्रमाणपत्र ठरावीक दिवसांपुरतेच चालते, त्यामुळे ते फार आधी काढून ठेवू नये.

देशाबाहेर नेण्याची वेळ आली तर आणखी एक थर येतो. सगळे अजगर आणि बोआ ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत आहेत, म्हणून बॉल पायथनसुद्धा निर्यात परवान्याशिवाय विमानात चढवता येत नाही. नोकरी संपवून भारतात परतणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. भारतात जिवंत परदेशी प्राण्याच्या आयातीला परवाना लागतो, आणि वन्यजीव कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइट्सच्या यादीतले प्राणी ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदवावे लागतात. हातसामानात साप आणणारे प्रवासी मुंबई-चेन्नईच्या विमानतळांवर पकडले जातात आणि साप आले त्या देशात परत पाठवले जातात, अशा बातम्या आपण वाचतोच.

सातवी पायरी: साप निसटला किंवा झेपेनासा झाला तर

निसटलेला साप पहिले काही तास बहुधा घरातच असतो. फ्रिजच्या मागे मोटारीजवळ, वॉटर हीटरच्या खाली, सोफ्याच्या अस्तरात, म्हणजे जिथे ऊब आणि अंधार आहे तिथे आधी पाहावे. दारांच्या फटींना टॉवेल लावावेत आणि रात्री स्वयंपाकघराच्या फरशीवर भिंतीलगत पिठाची पातळ रेघ ओढावी. सकाळी तिच्यावरून गेलेला माग दिसतो. साप परवान्याखालचा असेल तर परवान्याच्या अटी पाहून राज्याच्या खात्याला लगेच कळवावे. चिपचा क्रमांक आणि अलीकडचा फोटो हाताशी असावा. लाजेखातर दोन दिवस थांबणे महागात पडते, कारण स्वतःहून कळवलेला साप आणि शेजाऱ्याने कळवलेला साप यांच्याकडे अधिकारी एकाच नजरेने पाहत नाहीत.

झेपेनासा झालेला साप रानात, उद्यानात किंवा तळ्याकाठी सोडू नये. थंड राज्यात तो पहिल्या हिवाळ्यात मरतो. उष्ण राज्यात तो जगतो, आणि ते त्याहून वाईट. फ्लोरिडात परके प्राणी सोडणे बेकायदा आहे, पण त्याच राज्याने २००६ पासून परक्या पाळीव प्राण्यांसाठी ‘अभय’ योजना चालवली आहे. तिच्यात बेकायदा ठेवलेला सापही शिक्षेविना सुपूर्द करता येतो आणि त्याच्यासाठी पात्र पालक शोधला जातो. हवाईतही शासनाकडे स्वतःहून आणून दिलेल्या प्राण्याबद्दल कारवाई होत नाही; अट एवढीच, की चौकशी सुरू होण्यापूर्वी तो आणून द्यायला हवा. इतर राज्यांत सरपटणाऱ्या प्राण्यांच्या स्थानिक संस्था आणि परक्या प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्य नवा पालक शोधून देतात. तो पालक दुसऱ्या राज्यात असेल तर साप त्याच्याकडे पाठवण्याआधी पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करावी, या वेळी त्याच्या पत्त्यासाठी. सुपूर्द करताना पावती, चिपचा क्रमांक, शेवटचे खाणे कधी आणि काय दिले त्याची तारीख आणि शेवटची कात कधी टाकली याची नोंद सोबत द्यावी. हस्तांतराच्या कागदावर दोघांच्या सह्या घेऊन एक प्रत स्वतःकडे ठेवावी, आणि परवाना तुमच्या नावावर असेल तर तो रद्द करून घेण्याचा अर्ज त्याच दिवशी करावा.